आठवी-नववीच्या वर्गात चित्रचर्चा: ‘मस्त आहे’च्या पुढं कसं न्यावं?

पळसपान

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे, मूळची विदर्भाबाहेरची. एका वर्गात ४० च्या आसपास मुलं, तासिका ४० मिनिटांची. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी नेहमीसारखी चालते. त्यासोबत मुलांनी एकमेकांची चित्रं नीट पाहावीत, त्यांचा अर्थ लावावा, त्यावर बोलावं, अशी चित्रचर्चा नियमित सुरू करायची आहे.

अडचण अशी की चित्र लावलं की “मस्त आहे मॅडम” किंवा “बैलाचा पाय चुकला” एवढंच येतं. अर्थ विचारला तर ठरलेली उत्तरं: शेत दिसलं की शेतकऱ्याची व्यथा, झाड दिसलं की पर्यावरण वाचवा, काळा म्हणजे दुःख, पांढरा म्हणजे शांती. ज्याचं चित्र असतं तो मान खाली घालून उभा. मुली तर बोलतच नाहीत.

एक उदाहरण देते. नववीतल्या मुलाचं पोस्टर कलरमधलं चित्र आहे. माणूस बैलाच्या मानेशी वाकलाय, हातात मोठी हिरवी पानं, शेजारी पितळी वाटी, मागं चुलीचा उजेड, बैलाचे डोळे अर्धे मिटलेले. मला यात जखमेवर पाला लावणं दिसतं. हे चित्र वर्गापुढं कसं ठेवावं, कुठले प्रश्न विचारावेत, वेळ कसा वाटावा, कुणी नेमकं सांगेल का?

काळीमाती_यवतमाळ

मॅडम, ती जखम नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आहे. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो खांदा हळद आणि तूप किंवा लोणी लावून पळसाच्या पानांनी शेकतात आणि बैलाला “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असं सांगतात. तुमच्या वर्गातल्या शेतकऱ्याघरच्या प्रत्येक पोराला हे माहीत असणार. म्हणूनच कोणी बोललं नसेल. जे सगळ्यांनाच ठाऊक ते काऊन सांगायचं, असं पोरांना वाटते.

हेच चित्र पहिल्या चर्चेला घ्या. अर्थ लावण्याचे थर त्यात स्वच्छ वेगळे दिसतात. अर्विन पॅनोफ्स्की या कला-इतिहासकारानं १९३९ मध्ये हे थर मांडताना साधं उदाहरण घेतलं होतं: रस्त्यात ओळखीचा माणूस आपली हॅट उचलतो. पहिल्या थरात फक्त हालचाल दिसते. हॅट उचलणं म्हणजे नमस्कार, हे दुसऱ्या थरात, आणि ते त्या रिवाजात वाढलेल्यालाच कळतं. तिसऱ्या थरात त्या कृतीवरून तो माणूस, त्याचा काळ, त्याची जगाकडं पाहायची रीत उमगते.

तुमच्या चित्रात पहिला थर तुम्ही बरोबर वाचला आहे: वाकलेला माणूस, पानं, वाटी, चूल, अर्धे मिटलेले डोळे. दुसरा थर पोरांकडून काढून घ्या. “मी बाहेरची आहे, मला हे काय चाललंय ते सांगा” असं सरळ विचारा. ज्या मुली एरवी गप्प असतात त्याही सांगतील, कारण इथं उत्तर चुकायची भीती नाही. तिसऱ्या थरात मात्र घाई करू नका. “पोळ्याचं महत्त्व” यावर निबंध सुरू झाला की चित्र बाजूला पडलं असं समजा. प्रश्न याच कागदावरचे हवेत. माणसाचं डोकं बैलाच्या डोक्याच्या वर आहे की खाली? चुलीचा उजेड कोणावर जास्त पडलाय? खांद्यावरचा घट्टा दाखवलाय का? जू चित्रात कुठं आहे? झूल, मठाटी, शिंगांना बेगड या सजावटीतलं काहीच नाही, म्हणजे पोरानं मिरवणुकीचा दिवस सोडून आदल्या संध्याकाळची वेळ घेतली, ती काऊन? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पाठ करून देता येत नाही. कागदाजवळ जावंच लागतं.

रंगांचं तर गाईडबुकांनी फार नुकसान केलंय. नागपूरकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणत काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवून जाळतात. तिथं काळा म्हणजे हाकलून लावायची पीडा. त्याच मुलखात काळी जमीन म्हणजे घराची पत. पांढरा रंग वेचणीच्या शेतात कापूस असतो, कपाळ मोकळं असलेल्या बाईच्या अंगावर वेगळंच सांगतो, सेवाग्रामच्या चित्रात खादी होतो. म्हणून “काळा म्हणजे काय” हा प्रश्नच विचारू नका. विचारा: काळा कुठं लागलाय, त्याच्या शेजारी कोणता रंग आहे, तो काढून टाकला तर चित्रातून काय जाईल?

सोयाबीन_तूर

“शेतकऱ्याची व्यथा” यावर माझं जरा स्पष्ट मत आहे. भेगाळलेली जमीन, वठलेलं झाड, डोक्याला हात लावलेला माणूस, हे तीन तुकडे पोस्टरवरून उचललेले असतात. पोरांना म्हणा, चित्रातला महिना ओळखा. आपली काळी चिकण माती वाळली की आकसते आणि ओली झाली की फुगते, त्यामुळं मे महिन्यात चांगल्या पाऊसकाळाच्या गावातही हातभर भेगा पडतात. नुसत्या भेगांनी दुष्काळ सिद्ध होत नाही. उभ्या पिकात, ऑगस्टमध्ये भेगा दाखवल्या तर तो दुष्काळ. पळस फुललाय म्हणजे फाल्गुनाच्या आसपासचे दिवस, तुरीला पिवळा फुलोरा म्हणजे हिवाळ्याचं तोंड, कापसाची बोंडं फुटलीत म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. चित्रात पळसही फुललेला आणि कापूसही भरघोस फुटलेला असेल तर पोराला विचारावं, हे मुद्दाम केलंस की दोन फोटोंवरून जोडलंस?

आणखी एक. कपाशीचं फूल मिटलेलं, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या चिकटलेल्या असं कोणी काढलं तर “फूल नीट काढ” म्हणू नका. ती डोमकळी आहे. आत गुलाबी बोंडअळी असली की फूल उमलत नाही. एका फुलात सगळा हंगाम सांगितलाय त्या पोरानं. डोक्याला हात लावलेल्या माणसापेक्षा ते कितीतरी अचूक आहे.

ब्रश_नंबर_सहा

अर्थाबद्दल वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय. मी वर्ग चालवण्याबद्दल लिहितो, कारण चर्चा बहुतेक वेळा तिथंच फसते.

एका तासिकेत पाचच चित्रं. सगळ्यांची घेतली तर प्रत्येकाला एक मिनिटसुद्धा येत नाही आणि “मस्त आहे” याखेरीज काही निघणं शक्यच नसतं. पाच चित्रांना प्रत्येकी ७ मिनिटं, उरलेली ५ लावण्या-काढण्यात जातात. ४० मुलांची पाळी आठ तासिकांत पुरी होते; या चक्रात कोणाची पाळी कधी ते आधीच फळ्याशेजारी लिहून ठेवा, म्हणजे निवडीत पक्षपात झाला असं कोणाला वाटणार नाही.

मांडणी: भिंतीला सुतळी ताणा, कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगा. मुलं जमिनीवर बसत असतील तर चित्राचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर येऊ द्या. उभ्या माणसाच्या उंचीवर टांगलं की पुढच्या रांगेला ते खालून तिरपं दिसतं. पाव इम्पिरियल, म्हणजे ११ × १५ इंचाचा कागद ७-८ फुटांच्या पलीकडून नीट वाचता येत नाही, म्हणून ४० जणांचे दोन अर्धवर्तुळ करा. ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावर लावू नका, पाठीमागच्या उजेडानं सगळे गडद रंग एक होतात. खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडा. वीज गेली म्हणून पिवळ्या बल्बखाली किंवा दिव्यात चर्चा घेतली तर फिका पिवळा रंग पांढरा दिसतो आणि पोराला फुकट ऐकून घ्यावं लागतं. ओलं जलरंगाचं चित्रही घेऊ नका, वाळल्यावर ते फिकं पडतं. नाव कागदाच्या मागं.

७ मिनिटांची वाटणी अशी:

पहिलं मिनिट पूर्ण शांतता. तुम्हीही बोलायचं नाही. पहिल्यांदा मिनिटभर गप्प बसणं मुलांना अवघड जातं, कुजबुज होते, होऊ द्या. अर्ध्या मिनिटानंतर डोळे किलकिले करून पाहायला सांगा. बारीकसारीक रेषा विरघळतात, गडद-फिक्याचे मोठे ठिगळ तेवढे उरतात.

पुढची दोन मिनिटं फक्त काय दिसतं. विशेषण वापरायचं नाही, हा नियम. “दुःखी माणूस” चालणार नाही. “माणसाची हनुवटी छातीला टेकलेली” चालेल. “सुंदर सूर्यास्त” नाही, “वरच्या तिसऱ्या हिश्शात नारिंगी, खाली जांभळा”. हा नियम कडक पाळा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग दीड मिनिट, कसं केलंय. नजर आधी कुठं जाते, मग कुठं? सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकं शेजारी कुठं आलंय? रिकामी जागा किती आणि कोणत्या बाजूला? मुलं अडली तर कागद उलटा टांगा. बैल, माणूस ओळखू येईनासे झाले की तोल कुठं ढळलाय ते लगेच दिसतं.

दोन मिनिटं अर्थासाठी. वाक्याचा साचा फळ्यावर लिहून ठेवा: “मला … वाटतं, कारण इथं … आहे.” “इथं” म्हणताना बोट कागदाकडं गेलं पाहिजे. बोट कुठं ठेवता येत नसेल तर तो अर्थ चित्रातला नाही, बोलणाऱ्याच्या डोक्यातला आहे. तसं त्याला रागावून सांगू नका, “कुठं दिसतं?” एवढंच विचारा. शेवटचं अर्धं मिनिट ज्याचं चित्र त्याचं.

वर्णन, विश्लेषण, अर्थ, मग मत हा क्रम अमेरिकी कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांच्या पद्धतीतून आलाय. शाळेच्या वर्गात मी “मत” वगळायला सांगेन. चांगलं-वाईट ठरवायची मुलांना फार घाई असते आणि एकदा निकाल लागला की पाहणं थांबतं.

फसतं कुठं? सर्वांत आधी, शिक्षक पहिल्यांदा बोलले की. मग वर्ग तेच वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहतो. दुसरं, चार धीट पोट्टे सगळा वेळ खातात. त्यावर उपाय चिठ्ठी. वहीच्या पानाचा पाव तुकडा, त्यावर दोन ओळी: एक दिसलेली गोष्ट, एक प्रश्न. शांततेच्या मिनिटानंतर लिहून घ्या, गोळा करा, नाव न घेता तुम्ही वाचा. मुलींचं निरीक्षण किती बारीक असतं ते पहिल्याच दिवशी कळेल, आणि दोन-तीन वेळा आपली चिठ्ठी वाचली गेली की त्या तोंडी बोलायला लागतात. तिसरं, दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल चालवणं. शिक्षकांनीसुद्धा नाही. दाखवायचंच असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून.

“बैलाचा पाय चुकला” याला थांबवू नका, वळवा. पाय चुकल्यानं काय झालं? बैल ढकलल्यासारखा दिसतो का, वजन मागच्या पायांवर जातं का? मुद्दाम केलं असेल तर ते कशासाठी असू शकेल? असं विचारलं की चूक दाखवणारंच मूल अर्थाकडं येतं.

पळसपान

खूप आभार. खांदशेकणीचं कळल्यावर चित्र पूर्ण वेगळं दिसायला लागलं. दोन गोष्टी अजून विचारते. ज्याचं चित्र आहे त्यानं आधी समजावून सांगावं की शेवटी? इंटरमिजिएटला परीक्षकासमोर बोलायला मिळत नाही, तरी मुलांना बोलायची सवय लावावी का? आणि मुलांच्या चित्रांवर जाण्याआधी एखाद्या मोठ्या चित्रकाराचं चित्र सरावाला घ्यावं का?

जलरंग_वर्धा

शेवटी. चित्रकारानं आधी सांगितलं की वर्ग तेवढंच पाहतो. पण शेवटपर्यंत त्याला नुसतं ऐकत उभंही करू नका, मान खाली जाते ती त्यामुळंच. त्याला काम द्या. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेची एक पद्धत कलेच्या वर्गांत वापरतात. तिचे टप्पे असे: आधी पाहणारे सांगतात की त्यांच्या लक्षात काय राहिलं, मग चित्रकार स्वतः प्रश्न विचारतो, मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नात मत लपवायचं नाही, आणि सल्ला द्यायचा तर “याबद्दल सांगू का?” असं विचारून, चित्रकारानं होकार दिला तरच. “इतका भडक लाल का लावलास?” हा प्रश्न नाही, टोमणा आहे. “लाल निवडताना काय विचार होता?” हा प्रश्न.

चित्रकाराचा प्रश्न आदल्या दिवशी लिहून आणायला लावा. “कसं वाटलं?” यावर “मस्त” हेच उत्तर येणार. “चुलीचा उजेड बैलापर्यंत पोचतो का?”, “माणूस आणि बैल यांच्यामधली जागा मी मुद्दाम कमी ठेवली, ती कोंदट वाटते की जवळची?” असे प्रश्न आले की वर्ग कामाला लागतो. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी वहीत नोंदी घ्याव्यात, कारण स्वतःच्या चित्रावर बोलणं चाललेलं असताना कोणालाही नीट आठवत नाही. नंतर त्या नोंदींत तीनचार जणांनी वेगवेगळं बोलून एकाच जागेवर बोट ठेवलंय का ते पाहावं. तिथं काहीतरी आहे. त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, जागा सहसा बरोबर असते. एकट्यानं सांगितलेलं आणि नुसत्या आवडीचं बाजूला ठेवावं. बदल थेट चित्रावर करू नये; त्या रंगाचा कागदाचा तुकडा कापून वर ठेवावा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून छटा जुळते का पाहावं, मग ब्रश उचलावा.

परीक्षेत बोलायला मिळत नाही हेच तर या सरावाचं कारण. वर्गानं चित्रकार न बोलता जे वाचलं आणि चित्रकाराला जे सांगायचं होतं, यांतलं अंतर म्हणजे स्मरणचित्रात अजून करायचं काम. उजेड संध्याकाळचा म्हणायचा होता आणि अर्ध्या वर्गाला दुपार वाटली, तर सावल्या लांबवायच्या आहेत.

मोठ्या चित्रकाराचं एक अवश्य घ्या. खेड्यातल्या मुलांना व्हॅन गॉगचं १८८५ मधलं ‘बटाटे खाणारे’ जवळचं वाटतं. एका दिव्याखाली पाच माणसं, एक मुलगी पाठमोरी, एक बाई कॉफी ओततेय. कोणी कोणाकडं पाहतंय, कोण कोणाकडं पाहत नाही, यावरच दहा मिनिटं जातात. ताटलीत जाणाऱ्या याच हातांनी जमीन खणलीय हे दिसावं, असं त्याला हवं होतं, हे त्यानं भावाला पत्रात लिहिलं. ते चर्चा संपल्यावर सांगा, आधी नको.

याच चित्राची शिळाछाप पाहून त्याचा चित्रकार मित्र रॅपर्ड यानं सडकून टीका केली आणि व्हॅन गॉगनं ते पत्र त्याला परत पाठवून दिलं. रॅपर्डनं काही नेमकं बोट ठेवलं होतं: एका बाईचा हात, उजवीकडच्या माणसाची शरीररचना. पण हे काम तू मनापासून केलेलंच नाहीस, या अर्थाचं वाक्य त्यानं आधी लिहिलं. त्यानंतरचं ऐकून घ्यायला समोरचा उरत नाही. म्हणून वर्गात नियम करावा: चित्रावर बोलायचं, काढणाऱ्याच्या मेहनतीवर किंवा हेतूवर बोलायचं नाही. “घाईत केलंय” हे वाक्यसुद्धा बंद.

टेंभुर्णीचं_पान

गडचिरोली-मेळघाटकडच्या वर्गांसाठी एवढं जोडते. गाव काढायचं म्हटलं की मुलं त्रिकोणी धडाची वारली माणसं काढतात. ती पालघरकडची शैली आहे. ठिपक्या-रेघांनी भरलेले प्राणी म्हणजे बहुतेक वेळा जनगढसिंह श्याम यांच्यापासून पुढं आलेली, मंडला भागातल्या परधान गोंड चित्रकारांची शैली. दोन्ही शिकावं, पण चर्चेत “हे रूप कुठून आलं?” हा प्रश्न असू द्या. माडिया किंवा कोरकू घरातल्या मुलानं घरची खूण काढली असेल तर तिचा अर्थ शिक्षकानं परस्पर सांगू नये. त्याला सांगायचं असेल तर सांगेल, काही खुणा घराबाहेर बोलायच्या नसतात.

काळीमाती_यवतमाळ

ताईंनी छान आठवण दिली. त्यालाच लागून एक गोष्ट, आपल्या भागात ती टाळता येत नाही. चित्रात दोर, विहीर, कीटकनाशकाचा डबा आला आणि त्या घरात तसं काही घडलेलं असेल, तर ते चित्र सुतळीवर लावू नका आणि वर्गाला अर्थ विचारू नका. उलट, काळा रंग पाहून पोराच्या मनाबद्दल अंदाजही बांधू नका. कधी कधी डबीत तेवढाच रंग उरलेला असतो. एकट्याला शेजारी बसवून “मला याबद्दल सांगशील?” एवढंच विचारा. तो स्वतःबद्दल काही बोलला, जगावंसं वाटत नाही असं सुचवलं, तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि घरच्यांशी बोला. टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तुम्ही शिक्षक म्हणूनही तिथं विचारू शकता.

नववी_ब

मी विद्यार्थी आहे. ज्या चित्रात काहीच ओळखू येत नाही त्यात “काय दिसतं” ते कसं सांगायचं?

ब्रश_नंबर_सहा

चांगला प्रश्न आहे, बेटा. वासुदेव गायतोंडे हे नाव शोध, जन्म १९२४, आपल्या नागपुरातच. त्यांची चित्रं मोबाइलवर पाहताना वस्तू शोधू नकोस, थर शोध. कोणता रंग आधी लागला आणि कोणता त्याच्यावर आला? कुठं रंग खरवडून खालचा बाहेर काढलाय? आकाराची कड धारदार आहे की विरत गेलीय? जड भाग वर आहे की खाली? ते रोलर आणि रंग पसरायची सुरी वापरायचे, त्यामुळं ब्रशच्या फटकाऱ्याऐवजी वेगळ्याच खुणा दिसतील. एवढं लिहून काढलंस की “काय दिसतं” पूर्ण झालं. मग “मला … वाटतं, कारण इथं …” हा साचा तसाच वापर. मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवून पाहा, आणि जमलं तर संगणकावर मोठं करून, कारण छोट्या पडद्यावर त्यांचे थर एकच सपाट रंग दिसतात.